दाखल क्रमांक ९४१७

"ट्रॅक झिरो बॅड," मी पडद्यावरचं वाचलं.

"म्हणजे?" तांबवेकर काकांनी विचारलं.

"म्हणजे फ्लॉपी नापास."

"मग दुसरी घाल."

"ही दुसरीच आहे काका. पहिली मघाशीच नापास झाली."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ. बाराच्या एसटीनं जिल्ह्याचे निरीक्षक यायचे होते, आणि ते यायच्या आत आमच्या लोकबोध वाचनालयाची सगळी ग्रंथयादी कोऱ्या फ्लॉप्यांवर उतरवून तयार ठेवायची होती. यादी संगणकावर चढवलेलं तालुक्यातलं पहिलं वाचनालय म्हणून साहेब मुद्दाम ती घेऊन जायला येणार होते.

"तिसरी घाल," काका म्हणाले, आणि देवाच्या पायांवर फूल ठेवावं तशा काळजीनं तिसरी फ्लॉपी माझ्या हातात ठेवली.

पंच्याण्णव सालची गोष्ट. मी वीस वर्षांची होते. साताऱ्याला तीन महिन्यांचा कोर्स केला होता, तेवढ्या भांडवलावर गावात मला सगळे 'कॉम्प्युटरवाली उज्ज्वला' म्हणत. यंत्र जुनं होतं. साखर कारखान्याला नवं आलं, तेव्हा जुनं त्यांनी वाचनालयाला भेट दिलं. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि फ्लॉपी घालायची दोन तोंडं. एका तोंडात यंत्राला शहाणं करणारी फ्लॉपी घालायची, दुसऱ्यात आपली. फ्लॉपी म्हणजे चौकोनी काळ्या पाकिटात शिवलेली पातळ चकती. उडदाच्या पापडासारखी लवलवायची. कोऱ्या फ्लॉपीवर काही लिहायच्या आधी तिचं फॉरमॅट करावं लागे. पेरणीआधी रानात सऱ्या पाडतात ना, तसं यंत्र त्या चकतीवर गोल सऱ्या पाडून घ्यायचं. ट्रॅक झिरो ही पहिली सरी. ती पडली नाही, तर यंत्र अख्खं रान नापीक ठरवून मोकळं होई.

तिसरीही नापास झाली. चौथी गेली तेव्हा यंत्राच्या पोटातून जात्यात खडा यावा तसा आवाज आला.

"बिघडलं वाटतं," मी म्हणाले. आवाज शक्य तितका दुःखी केला.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

कारण त्या यादीत एक पुस्तक असं होतं, जे वाचनालयात नव्हतं. वाचनालयात काय, जगातच नव्हतं. आणि ते मी आदल्या दिवशी दुपारी घातलं होतं.

त्याचं असं झालं. आठ महिने रोज टंकून टंकून मी शेवटच्या पुस्तकाशी पोचले होते. दाखल क्रमांक ९४१६, 'शेळीपालन: शास्त्र आणि व्यवहार'. माझ्या खुर्चीशेजारी फडकं घेऊन हौसाबाई बसली होती. हौसाबाई म्हणजे वाचनालयाची शिपाई. झाडलोट तिची, कपाटं तिची, पुस्तकं काढून देणंही तिचंच. अक्षर एक येत नव्हतं, पण पुस्तक मागितलं की पाठीच्या रंगावरून, जाडीवरून, कुठल्या कोपऱ्याला उंदरानं कुरतडलंय त्यावरून अचूक आणून द्यायची. आणि तोंडात सदा ओवी. जुनी नव्हे, तिथल्या तिथं जुळवलेली. काकांवरसुद्धा एक होती, त्यांच्या माघारी म्हणायची:

*काका आमचे गुणाचे, पुस्तकांचे राखणदार*
*वाळवीला न्हाई थारा, वाचणाऱ्याला येरझार*

तर हौसाबाई पडद्याकडे बघत म्हणाली, "उजे, ह्यात समद्यांची नावं हायत व्हय?"

"समद्यांची नाहीत. ज्यांनी पुस्तकं लिहिली त्यांची."

"शेळ्यावाल्याचं हाय?"

"आहे की."

"आन् माजं न्हाई."

"तू कुठं पुस्तक लिहिलंस?"

"लिव्हलं न्हाई. पर म्हटलं किती! त्या शेळ्यावाल्याच्या दसपट म्हटलं आसंल." आणि पडद्यावर बोट ठेवून तिनं म्हटलं:

*काळ्या गं पडद्यावर, हिरव्या मुंग्यांची रांग*
*पोरी, एकीला तरी माझं नावगाव सांग*

आता असं कुणी मागितल्यावर कुणाचा हात थांबेल? मी टंकलं. दाखल क्रमांक ९४१७. 'उंबऱ्याबाहेरच्या ओव्या'. लेखिका: हौसाबाई कोंडिबा भिसे. विषय: काव्य. तिला वाचून दाखवलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि इतकी हसली की वाचनकक्षातले पेन्शनर पेपरातून वर बघायला लागले. मी म्हटलं, राहू दे आजच्या दिवस, उद्या सकाळी पुसून टाकू.

पण संध्याकाळी काका आले.

"झालं?"

"झालं काका."

"शेवटचा आकडा किती?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नऊ हजार चारशे सतरा."

काकांनी फ्लॉपीच्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात आकडा घातला. मग फ्लॉपीच्या कडेला जी खाच असते तिच्यावर काळी पट्टी चिकटवली. ती खाच बुजवली की फ्लॉपीवरचं वाचता येतं, पण बदलता येत नाही. आणि त्या पट्टीवर, अर्धी पट्टीवर अर्धी पाकिटावर, अशी त्यांनी पांढऱ्या शाईनं सही ठोकली. पहिल्या चार फ्लॉप्यांनाही त्यांनी असंच केलं होतं. काकांचा नियम होता: दाखल नोंदवहीत खाडाखोड नाही. एकदा क्रमांक पडला की पडला. यंत्र आलं म्हणून नियम बदलत नाही.

म्हणजे ती ओळ पुसायची, तर काकांची सही फाडायला हवी.

रात्रभर मला नीट झोप लागली नाही. आणि आता सकाळी कोऱ्या फ्लॉप्याच नापास होत होत्या. नक्कल नाही, तर यादी जिल्ह्याला जात नाही. यादी गेली नाही, तर ९४१७ इथंच राहतो आणि सावकाश काहीतरी करता येतं. यंत्रा, बाबा, असाच बिघडलेला राहा, मी मनात म्हणत होते, आणि वरून कपाळाला हात लावून बसले होते.

काका त्या दिवशी आठ महिन्यांत पहिल्यांदाच वीस मिनिटं उशिरा आले होते. बोटांना खळ वाळून चिकटली होती. म्हटलं, साहेब यायचेत म्हणून फाटकी पुस्तकं चिकटवत बसले असतील. फाटकी पुस्तकं बांधणं हा त्यांचा धर्मच होता.

"हौसा, तू तरी बघ गं, काय झालंय याला," काका म्हणाले.

"म्या काय बघू? मला शेणानं सारवाय सांगा, सारवून देते." हौसाबाई निवांत फळ्या पुसत होती. मला वाटलं, हिला काळजी कशी नाही? नाव तर हिचंच आहे त्यात.

मी पाचवी फ्लॉपी घातली. मग परत पहिली. मग तिसरी उलटी धरून पाहिल्यासारखं केलं. मध्येच यंत्र बंद करून चालू केलं. वेळ घालवायच्या जेवढ्या विद्या साताऱ्याला शिकले होते, तेवढ्या सगळ्या वापरल्या. काका माझ्या पाठीमागे हात बांधून उभे. पावणेअकरा झाले.

शेवटी ते कपाटाकडे गेले आणि एक जाड वही घेऊन आले. तपासणीची शेरेवही. साहेब आला की त्यात शेरा लिहून जातो.

"एकतीस वर्षं," वही माझ्यासमोर ठेवत ते म्हणाले. "एकही वाईट शेरा नाही. वाळवीचा नाही, गहाळ पुस्तकांचा नाही. पुढच्या मार्चात मी निवृत्त."

मी पानं उलटली. 'समाधानकारक.' 'समाधानकारक.' 'अत्यंत समाधानकारक.' शाई बदलत गेली होती, साहेब बदलत गेले होते, शब्द तोच.

"तर असं करू," काका हळू म्हणाले, "नाहीच झालं, तर मी सांगेन, यंत्र मला जमलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातून राहिलं, म्हणेन. तुझं नाव निघायचं कारण नाही. तुला पुढं नोकऱ्या करायच्यात."

वही मिटून ते दाराशी जाऊन उभे राहिले. कोटाची मागची शिवण त्यांनी स्वतःच घातली असावी. टाके पुस्तक शिवतात तसे होते, लांब लांब.

मी हौसाबाईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"का गं उजे, येतंय का खरंच तुला, का नुसतीच कॉम्प्युटरवाली?"

मी बाह्या वर केल्या.

आमचे सर शिकवायचे, अन्न करपलं तर आधी भांडं बदलून बघा, मग चूल बदला. फ्लॉपी वाईट की तोंड वाईट, हे आधी ठरवायचं. आतापर्यंत कोऱ्या फ्लॉप्या मी दुसऱ्या तोंडातच घालत होते. आता एक कोरी काढून पहिल्या तोंडात घातली. तिथं आठ महिने कधी तक्रार नव्हती. फॉरमॅटचा हुकूम दिला. आकडे सरकायला लागले. एक, दोन, पाच, नऊ. मग तोच खडा. तोच आवाज. नापास. आणि मग यंत्राला शहाणं करणारी फ्लॉपी परत तिथं घातली, तर तीही अडखळायला लागली.

म्हणजे चांगलं तोंडही बिघडलं. गोवराच्या पोराशेजारी धडधाकट पोर निजवावं तसं झालं. रोग यंत्राचा नव्हता. तो फ्लॉप्यांच्या पायानं आला होता.

मी एक कोरी फ्लॉपी तोंडाजवळ धरली, तिच्या खिडकीत फुंकर मारायला श्वास घेतला, आणि शिंकले. एकदा, दोनदा, पाचदा.

बाळंतिणीच्या खोलीचा वास. न्हाऊ घातलेल्या बाळाच्या टाळूचा वास.

"वेखंड!" मी म्हणाले.

"मग काय गुलाबपाणी आसंल?" हौसाबाई म्हणाली. "पोथ्यांना घालत्यात तसंच."

आमच्या वाचनालयात दोनशेबारा हस्तलिखित पोथ्या होत्या. काका त्या लाल आलवणाच्या रुमालात बांधायचे, घडीघडीत वेखंडाची पूड भुरभुरायची, वर कडुनिंबाचा पाला. एकतीस वर्षांत एका पानाला कीड लागली नव्हती. पुऱ्या झालेल्या फ्लॉप्या मी काकांच्या ताब्यात देत होते आणि त्यांनी त्या तशाच रुमालात बांधून पोथ्यांच्या कपाटात ठेवल्या होत्या. कामातली फ्लॉपी माझ्या खणात असायची, म्हणून इतके दिवस काही कळलं नव्हतं. आणि काल संध्याकाळी, उद्या मान्यवर हात लावणार म्हणून, त्यांनी कोऱ्या फ्लॉप्यांचं खोकंही उघडून एकेकीला न्हाऊमाखू घातलं होतं.

लाल रुमाल टेबलावरच पडला होता. एक कड सरळ कापलेली. माझं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही.

"काकांना सांगू नकोस," मी म्हटलं.

"कशाला सांगू? म्हातारा खचंल की. लेकराला पावडर लावली आन् लेकरू आजारी पडलं, आसं व्हईल त्येला."

मी दाराशी गेले. "काका, तुम्ही स्टँडवर जाऊन थांबता का? साहेब पहिल्यांदाच येतायत, रस्ता चुकायचे."

"सरळ रस्ता आहे गं."

"तरी."

काकांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, टोपी नीट केली आणि गेले.

मग आम्ही दोघी तुटून पडलो. समोरच्या शिंप्याकडून शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर आणला. शेजारच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून बाटलीच्या बुडाला राहिलेलं स्पिरिट आणलं. त्यानं विचारलं, "कुणाला लागलं?" हौसाबाई म्हणाली, "मशिनीला." तो हसला, त्याला गंमत वाटली. हौसाबाईनं आपल्या देवाच्या वातींचा कापूस कनवटीतून काढला आणि काडीला असा पीळ देऊन गुंडाळला की साताऱ्याच्या सरांनी बघत राहावं.

यंत्राचं झाकण उघडलं. फ्लॉपीवर फिरणारा, अक्षरं वाचणारा भाग हरभऱ्याच्या डाळीएवढा असतो. त्याच्यावर पिवळसर पूड लिंपून बसली होती. मी जन्मात पहिल्यांदा यंत्राच्या पोटात हात घातला होता.

"नवजात लेकराचं नाक साफ करतीस आसं समज," हौसाबाई म्हणाली. "जोर न्हाई लावायचा. आन् थांबायचंबी न्हाई."

एक तोंड झालं, दुसरं झालं. मग एकेक फ्लॉपी झटकली, मधल्या भोकात बोट घालून चकती आत फिरवली, खिडकीतून निघालेली पूड मलमलीनं टिपली. सही केलेल्या पाचही अशाच टिपल्या. पाचवी हातात आली तेव्हा ती पट्टी माझ्या नखाखाली होती. नखानं कड नुसती उचलली असती, तर दोन मिनिटांचं काम होतं. ओळ पुसायची, पट्टी परत चिकटवायची. सही जरा दुमडली असती. काकांना कदाचित दिसलीही नसती.

हौसाबाई कापसाचे बोळे गोळा करत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

मी नख काढून घेतलं.

झाकण बसवलं. कोरी फ्लॉपी घातली. हुकूम दिला. आकडे सरकायला लागले, आणि यंत्र घरघरलं. खड्याविना, एकसारखं, भरल्या जात्यासारखं. नऊच्या पुढं गेलं. दहा. पंधरा. हौसाबाईला राहवलं नाही. तिनं त्या घरघरीवर सूर धरला, आणि मीही तिच्यामागं, चाळिसाव्या सरीपर्यंत.

'फॉरमॅट कंप्लीट.'

"पास?" तिनं विचारलं.

"पास."

पाच कोऱ्या पास झाल्या, दोन कायमच्या वाया गेल्या. मी नक्कल करायला बसले आणि बाहेर काकांचा आवाज आला, "या साहेब, या. पायरी जपून."

गायधनी साहेब उंच, वाकलेले, अतिशय सभ्य आणि त्यामुळं जास्तच भीतीदायक होते. खुर्ची ओढून ते माझ्याच शेजारी बसले. त्यांच्यासमोर पाच फ्लॉप्यांची नक्कल झाली. त्यांनी त्या आपल्या पिशवीत ठेवल्या. ९४१७ जिल्ह्याला निघाला होता.

"सुंदर काम आहे," ते म्हणाले. "आता रीत म्हणून थोडी पडताळणी. यादीतला पहिला क्रमांक कुठला?"

मी पडद्यावर दाखवला. हौसाबाईनं पुस्तक आणलं. साहेबांनी पाठीवरची चिठ्ठी पाहिली, शिक्का पाहिला, मान हलवली.

"मधला एखादा. चार हजार सातशे."

तेही आलं.

"आणि शेवटचा."

बोट कळफलकावर गेलं. हिरव्या अक्षरांत ती ओळ वर आली. साहेबांनी चष्मा सारखा करून वाचलं, "उंबऱ्याबाहेरच्या ओव्या. हौसाबाई कोंडिबा भिसे." आणि म्हणाले, "वा. हे मी पाहिलेलं नाही. आणा पाहू."

मी काकांकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या शेरेवहीकडे पाहिलं. एकतीस समाधानकारक. जीभ उचलली, खरं सांगून टाकायला. "साहेब, ते—"

"हौसा, तू थांब," काका म्हणाले. "वरच्या फळीवर आहे. मी आणतो."

ते आत गेले. शिडी सरकल्याचा आवाज आला. खोलीत घड्याळ, साहेब, हौसाबाई आणि मी. हौसाबाईनं अतिशय सोज्वळ चेहरा केला होता. इतका सोज्वळ की मला संशय यायला हवा होता.

काका आले. हातात पुस्तक होतं. लाल कापडात बांधलेलं, कोपरे नीट मुडपलेले, पाठीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक: ९४१७.

साहेबांनी ते घेतलं, फिरवलं. पहिलं पान उघडलं. काकांच्या टाकाच्या अक्षरात नाव, खाली वाचनालयाचा गोल शिक्का, आणि त्याखाली दोन ओळी. साहेबांनी त्या मोठ्यानं वाचल्या: "काळ्या गं पडद्यावर, हिरव्या मुंग्यांची रांग... पोरी, एकीला तरी माझं नावगाव सांग." ते थांबले. "अरे, फारच गोड आहे हो. आणखी बघू." आणि त्यांनी बोट ओलं करून पान उलटायला घेतलं.

पान अर्धं उचललं गेलं, आणि साहेब शिंकले.

साधं शिंकणं नव्हतं. चष्मा उडून मांडीवर आला. दुसरी शिंक, तिसरी. पुस्तक त्यांनी हातभर लांब धरलं. डोळ्यांतून पाणी. "हे... हे काय..."

"वेखंड, साहेब," काका नम्रपणे म्हणाले. "ग्रंथरक्षणासाठी. सढळ हातानं घालतो."

"घाला, घाला," साहेब रुमालात म्हणाले, आणि पुस्तक मिटून घाईनं काकांकडे दिलं. "जपलंय, फार जपलंय. शेरेवही द्या."

हौसाबाई चहा घेऊन आली. साहेब लिहीत होते तेव्हा माझ्या मागं उभी राहून, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली:

*सायेब आले तपासाया, चष्मा नाकाच्या टोकाला*
*धूळ शोधत्यात फळीवर, डाग सोताच्या कोटाला*

मी ओठ चावून धरला. कोटाला खरंच डाग होता.

साहेबांना गाडीत बसवून काका परत आले, तोवर मी ते लाल पुस्तक उघडलं होतं. पहिल्या पानावर दोन ओळी. दुसरं पान कोरं. तिसरं कोरं. शेवटपर्यंत, दोनशे पानं, शुभ्र कोरी.

"काका, तुम्हाला कधी कळलं?"

"आकडा घातला, सही केली, आणि घरी जाताना लक्षात आलं. जुनी नोंदवही नऊ हजार चारशे सोळाला संपते. ती माझ्याच हातची आहे." काका खुर्चीत टेकले. "हौसाचं घर वाटेवरच. विचारलं. तिनं सगळं सांगितलं. वर ओवीही लिहून घ्या म्हणाली."

मी गर्रकन हौसाबाईकडे वळले. "म्हणजे तुला सकाळपासून माहीत होतं? आणि मी इथं तळमळतेय..."

"लई ग्वाड तळमळत हुतीस," हौसाबाई म्हणाली. "मोडवत न्हवतं."

"पण काका, ती ओळ पुसायला सांगायची होती मला. मी पुसली असती."

"माझी सही होती त्याच्यावर. न वाचता केलेली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि क्रमांक पडला की पडला. मग एकच रस्ता उरतो. ज्याचा क्रमांक पडलाय, ते पुस्तक फळीवर हवं. निरीक्षक कुठलाही असो, पहिला, मधला आणि शेवटचा क्रमांक मागतोच."

त्यांनी ते पुस्तक माझ्यासमोर सरकवलं.

"पुढची ग्रंथगणना चैत्रात. तेव्हा मी नसेन. नवा माणूस येईल, पानं उलटून बघेल. तोवर हे भरलेलं पाहिजे. ही म्हणेल, तू लिही."

"दोनशे पानं?" मी म्हटलं.

"शेळ्यावाल्यानं तीनशे भरल्यात," हौसाबाई म्हणाली.

चैत्रापर्यंत ती दोनशे पानं भरली. मग आणखी एक वही लागली, मग शेजारच्या आळीतल्या बायका आल्या, मग मी इतर गावांना जायला लागले. कॉम्प्युटरवाली म्हणून मला आता कुणी ओळखत नाही. वह्यावाली म्हणतात. त्या पाच फ्लॉप्या माझ्याकडे आहेत, त्या वाचू शकणारं यंत्र कुठंच नाही. हौसाबाईचं लाल पुस्तक मात्र अजून फळीवर आहे, आणि ते कुणी मागितलं की वाचनालयातली मुलगी आधी एक रुमाल देते.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी काकांनी दौत पुढं केली आणि हवेत काहीतरी हुंगलं.

"स्पिरिटचा वास कुठून येतोय गं?"

टेबलाखालच्या सुपात पिवळे झालेले कापसाचे बोळे होते. काकांनी वाकून पाहिलं, एक उचलून नाकाशी नेला, आणि परत ठेवला.

"फ्लॉपीला नाही घालणार हो आता," ते म्हणाले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तिचा पिंडच वेगळा दिसतोय."

"चला," हौसाबाई पदर खोचून, पाय पसरून जमिनीवर बसली. "लिव्ह, उजे. दुसरं पान."

आणि घसा खाकरून म्हणाली:

*माझ्या गं ओव्यांला, दिला पोरीनं नंबर*
*रिकाम्या घरावर, आधी चढवलं छप्पर*

मी उतरवून घेतलं. शाई वाळायच्या आत काकांनी खिशातून पुडी काढली आणि त्या दोन ओळींवर चिमूटभर वेखंड भुरभुरलं.